न्यू मॉल्डनची गाडी पकड

प्रिय पोरी,

लंडनला पोचून तीन आठवडे झाले आणि तुझा पहिला मोठा प्रश्न प्रबंधाबद्दल नाही, किमचीबद्दल, म्हणजे त्या आंबवलेल्या कोरियन लोणच्याबद्दल आणि खरं कोरियन जेवण कुठे मिळेल याबद्दल आहे, हे वाचून मला हसू आलं. अर्ज तपासताना मी तुला जे छळलं, त्याची भरपाई म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टॉटनहॅम कोर्ट रोडला रांगेत उभी राहून चीजवाला कॉर्नडॉग खाल्लास, फोटो पाहिला. हरकत नाही. सेंटर पॉइंटच्या पायथ्याशी, सेंट जाइल्स हाय स्ट्रीटच्या बाजूला, छोट्या कोरियन खानावळी आहेत. लेक्चर संपल्यावर एकटीने काहीतरी गरम खायला त्या बऱ्या. पण तिथे तू मालिकेत पाहिलेलं कोरिया शोधते आहेस. कोरियन माणूस मंगळवारी दुपारी काय जेवतो हे बघायचं असेल तर वॉटर्लू स्टेशनला जा आणि न्यू मॉल्डनची गाडी पकड.

ट्यूब तिथे जात नाही. व्हॉक्सहॉल, क्लॅपम जंक्शन, विंबल्डन, रेन्स पार्क करत साधारण पंचवीस मिनिटांत गाडी पोचते. भाड्याच्या हिशोबाने झोन 4 आहे. 16–25 रेलकार्ड (तरुणांचं सवलतीचं कार्ड) काढून ते ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डाला जोडून घे, गर्दीच्या वेळा टाळल्यास भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. गाड्या बंद असतील तर विंबल्डनहून 131 नंबरची बस.

उतरल्यावर निराश होऊ नकोस. चायनाटाउनसारखी कमान नाही, कंदील नाहीत. किंग्स्टन बरोमधलं एक साधं इंग्लिश उपनगर. पण हाय स्ट्रीटवर चालायला लागलीस की दुकानांच्या पाट्या कोरियन लिपीत दिसतील: केशकर्तनालय, ट्रॅव्हल एजंट, बेकरी, शिकवणी. युरोपातल्या सर्वांत मोठ्या कोरियन वस्त्यांपैकी ही एक. ती इथेच का वसली, याचं कारण जो तो वेगळं सांगतो. कोणी म्हणतं सॅमसंगचं ऑफिस बरीच वर्षं इथे होतं, कोणी म्हणतं कोरियन राजदूतांचं निवासस्थान जवळच विंबल्डनला होतं. मला वाटतं, एकदा चार घरं आली की पाचव्याला कारण लागत नाही. आपल्या लोकांचंही परदेशात असंच होतं. नंतर उत्तर कोरियातून निसटून आलेली माणसंही इथेच येऊन राहिली. मायदेशी ज्यांना एकमेकांना पत्रसुद्धा पाठवता येत नाही, ते इथे एकाच दुकानात मुळे निवडतात.

आता माझी फजिती सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी मांसाला हातही लावत नव्हते. सहकाऱ्याकडून एकच शब्द शिकले होते, गमजा म्हणजे बटाटा. मेनूवर ‘गमजातांग’ दिसलं आणि बटाट्याचा रस्सा समजून ऐटीत मागवलं. आलं ते भलंमोठं पातेलं, त्यात डुकराच्या पाठीच्या कण्याची हाडं, आणि कोपऱ्यात दोन बटाटे. वर, आधी आलेल्या सहा वाट्या कोणा दुसऱ्याच्या असतील म्हणून मी त्यांना हात लावला नव्हता.

त्या वाट्या म्हणजे बांचान. मोड आलेले सोयाबीन, किमची, पालक, फिश केक, बटाटा. आपल्या ताटातली डावी बाजूच समज, फक्त ती सगळ्यांत मिळून असते. कोरियात ती संपली की आणून देतात, वेगळे पैसे नाहीत. लंडनमध्ये काही ठिकाणी लावतात, म्हणून आधी विचार. खानावळीची पारख बार्बेक्यूवर करू नकोस. टेबलावर जाळी ठेवून भाजलेलं मांस कुठेही बरं लागतं. मी पारख करते बांचान आणि रश्शावर. सोयाबीनचे मोड कालचे आहेत की आजचे, ते एका घासात कळतं.

तू चिकन आणि मासे खातेस, बीफ आणि डुक्कर नाही. मग हे लक्षात ठेव. बुल्गोगी (मुरवून भाजलेले मांसाचे काप) आणि गाल्बी (बरगड्या) बहुधा बीफ, साम्ग्योप्साल म्हणजे डुकराचं पोट, सुंदे म्हणजे रक्त भरलेलं सॉसेज (आइस्क्रीम समजून मागवू नकोस). बुदे जिगे हा रस्सा कोरियन युद्धानंतर अमेरिकन लष्करी तळांवरच्या डबाबंद मांसातून निघाला, म्हणून त्यात स्पॅम आणि सॉसेज. जाप्चे (परतलेल्या शेवया), किम्बाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) निरागस दिसतात, पण त्यांतही बीफ किंवा हॅम असू शकतं. तुझ्यासाठी साम्ग्येतांग: चिकट तांदूळ आणि जिनसेंग भरून शिजवलेली अख्खी कोवळी कोंबडी. कोरियन लोक ती ऐन उन्हाळ्यात खातात, तू नोव्हेंबरमध्ये खा. आणि सुंदुबु जिगे, म्हणजे मऊ टोफूचा उकळता लाल रस्सा. सर्दी झाली असेल तर औषध. त्यात शिंपले की पोर्क ते विचारून घे.

शनिवारी तुझा उपास, त्या दिवशी तिकडे जाऊच नकोस. मांस नको म्हटलं तरी रश्शाचं पाणी बहुधा वाळवलेल्या बारीक माशांचं असतं, आणि किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशांचा सॉस. ते त्यांच्या लेखी मांस नव्हे, मीठ आहे. फसवणूक नाही ती. आपण नाही का, आमटीत हिंग आहे हे कोणाला सांगत नाही.

एकटी जाऊ नकोस. बार्बेक्यू आणि मोठी पातेली बऱ्याच ठिकाणी किमान दोघांसाठीच देतात. तुझ्या वर्गात एखादी कोरियन मुलगी असेलच, तिला घेऊन जा आणि मागवायचं काम तिच्यावर सोड. बर्लिंग्टन रोडवरच्या जिन गो गे या खानावळीचं नाव न्यू मॉल्डनचा विषय निघाला की हमखास येतं, सुरुवात तिथून करा. पुढची ठिकाणं तीच दाखवेल, आणि ती माझ्या यादीपेक्षा चांगली असतील. बिलात सर्व्हिस चार्ज बहुधा आधीच धरलेला असतो, तो बघून घे, वर पुन्हा टिप ठेवून उदार होऊ नकोस.

रीतभात फार नाही. भात चमच्याने खायचा, वाटी उचलायची नाही. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचायच्या नाहीत, ते मृताच्या नैवेद्याचं लक्षण. वडील माणसाने सुरुवात केल्याशिवाय आपण चमचा उचलायचा नाही. हे तुला आजीने शिकवलेलंच आहे.

परतताना एच मार्टमध्ये शीर. ही कोरियन किराणा दुकानांची मूळची न्यूयॉर्कची साखळी. नावातला ‘एच’ म्हणजे ‘हान आ रम’, कवेत मावेल एवढं. तिथून गोचुगारू घे, ही त्यांची मिरची. रंग भरपूर, तिखट बेताचं, आपल्या ब्याडगीच्या वळणाची. मिरची त्यांच्याकडेही आपल्यासारखीच बाहेरून आलेली, त्याआधी किमची लाल नव्हती. थंडी सुरू व्हायच्या आधी अख्खं घर, शेजारपाजार बसून हिवाळाभराची किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. दक्षिण कोरियाची ही परंपरा युनेस्कोच्या यादीत 2013 मध्ये गेली, उत्तर कोरियाची 2015 मध्ये. आपल्या मे महिन्यातल्या गच्चीवरच्या पापडांची आठवण येऊन तू रडवेली होशील, म्हणून आधीच सांगून ठेवते.

किमचीची बरणी घेतलीस तर दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजच्या तळाशी ठेव. ती आंबत राहते आणि आत वायू धरते. झाकण सिंकवर धरूनच उघड. मी ते टेबलावर उघडलं होतं, आणि माझ्या पोलिश घरमालकिणीच्या पांढऱ्या पडद्यावर पुढची दोन वर्षं एक केशरी डाग होता.

तुझी,
मावशी