कॉलेज खरं, मग फोन कोणाचा?

"मॅडम, कॉलेज तर खरं आहे. त्याच्या गेटसमोरून मी शंभर वेळा गेलेय. पण फोन करणारा मुलगा कॉलेजातला वाटत नाही. मग मी पैसे नक्की देतेय कोणाला?"

एवढं बोलून ताईंनी पर्समधून चार घड्या घातलेलं माहितीपत्रक काढलं आणि टेबलावर हाताने सपाट केलं. गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न घेऊन लोक सल्ल्यासाठी माझ्याकडे सारखे येतायत. विचारणारी माणसं साधारण एकाच वळणाची असतात. नोकरीला लागून वीसेक वर्षं झालेली, पदवी कुठेतरी अर्धवट राहिलेली, आणि आता अचानक त्या अर्धवटपणाची किंमत मोजावी लागणारी. समोर बसलेल्या या बाईंची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नावही नको, इथे त्यांना ताईच म्हणते.

ताई चव्वेचाळीस वर्षांच्या. राहायला भांडुपला, नोकरी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कार्यालयात. आयात मालाची कागदपत्रं, कस्टमचे खेटे, बिल ऑफ एंट्री, सगळं त्यांना पाठ. टी.वाय.बी.कॉम.ला दोन विषय राहिले, त्याच वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला, घरात पगार हवा होता, त्या कामाला लागल्या. विषय सोडवायचे राहिले ते राहिलेच. यंदा कार्यालयात वरची जागा निघाली. ती ज्या मुलाला मिळाली त्याला काम ताईंनीच शिकवलं होतं. साहेब म्हणाले, "तुमचं काम उत्तम आहे हो, पण ग्रॅज्युएट लागतं."

त्या रात्री त्यांनी मोबाइलवर 'नोकरी करता करता बी.कॉम.' असं शोधलं आणि कुठल्या तरी चौकटीत नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या आत पहिला फोन. त्या आठवड्यात एकोणीस फोन आले. त्यांनी मोजले होते.

आम्ही ते माहितीपत्रक शेजारी शेजारी बसून वाचलं. अशी कागदपत्रं मी एकटी वाचून निकाल सांगत नाही. समोरच्या माणसाने स्वतः वाचावं, बोट ठेवावं, यावर माझा कटाक्ष असतो. वर ठळक अक्षरांत कॉलेजचं नाव आणि बोधचिन्ह. मुंबईतलं जुनं, चांगलं नाव. खाली मधोमध एका कंपनीचं नाव, 'नॉलेज पार्टनर' म्हणून. मागच्या पानावर, फीच्या तक्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं नाव. पैसे भरायच्या खात्यावर नाव कंपनीचं.

"ताई, एका कागदावर तीन नावं आहेत. डिग्रीवर यातलं कोणतं येणार?"

त्यांनी बराच वेळ कागद उलटसुलट केला. मग बोट मुंगीएवढ्या अक्षरांवर ठेवलं. "हे?"

तेच. आपल्याकडे संलग्न कॉलेज स्वतः पदवी देत नाही. पदवी विद्यापीठ देतं. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून बी.कॉम. झालेल्याच्या प्रमाणपत्रावर मुंबई विद्यापीठच असतं. इथे तर कॉलेजचं काम शनिवार-रविवारी हॉल देण्याचं आणि आपलं नाव वर छापू देण्याचं दिसत होतं. ताईंचा विश्वास मात्र सगळा त्या नावावरच होता. म्हणजे ज्या नावाकडे बघून त्या पैसे भरणार होत्या त्याची जबाबदारी जवळजवळ शून्य, आणि ज्याची जबाबदारी होती ते नाव त्यांनी तोवर वाचलंही नव्हतं.

मी त्यांना तिथूनच फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. मुलगा नम्र होता, आवाज पंचविशीतला. स्वतःची ओळख 'सीनिअर अ‍ॅडमिशन कौन्सेलर' अशी करून दिली. हा शब्द ऐकला की मला दरवेळी वाईट वाटतं. समुपदेशक म्हणजे समोरच्याला 'नको घेऊ' असं सांगू शकणारा माणूस. ज्याला महिन्याला ठरावीक प्रवेश आणून द्यायचे आहेत त्याला ते सांगता येत नाही. दोष त्या मुलाचा नाही, त्याला या कामाला बसवणाऱ्यांचा आहे.

ताईंनी विचारलं, पेपर कोण काढतं, कोण तपासतं? मी मध्येच सोडलं तर पैसे किती परत? माझी जुनी दोन वर्षं धरणार का? शेवटच्या प्रश्नावर तो लगेच म्हणाला, "हो मॅडम, क्रेडिट ट्रान्सफर करून देऊ, एका वर्षात डिग्री." ताई म्हणाल्या, "मग एवढंच कॉलेजच्या ईमेलवरून लिहून पाठवा." त्यावर तो म्हणाला, "ते अ‍ॅडमिशन झाल्यावर येईल मॅडम. आज पाच हजार भरलेत तर सीट लॉक होते."

फोन ठेवल्यावर ताईंनी माझ्याकडे बघितलं. मला फारसं काही सांगावं लागलं नाही.

श्रेयांकांचं, म्हणजे अभ्यास पूर्ण केल्याबद्दल मिळणाऱ्या क्रेडिट्सचं, मात्र समजावून सांगितलं. सरकारने २०२१मध्ये विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणारी अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली, तिच्यात जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. ताईंच्या गुणपत्रिका तर त्या बँकेच्या जन्माच्या वीस वर्षं आधीच्या. त्या धरायच्या की नाही हे ठरवायचा अधिकार विद्यापीठाचा आहे, तोही कागद तपासून. फोनवरून ते कोणालाच ठरवता येत नाही.

कॉलेजांनी अशी बाहेरची कंपनी, बाहेरचा सल्लागार घेणं हे मुळात वाईट, असं मी मानत नाही. ही पद्धत रुजली अमेरिकेत. तिथल्या कॉलेजांना नोकरदार, पोरंबाळं असलेले विद्यार्थी हवे होते, पण अठरा वर्षांच्या मुलांसाठी बसवलेली यंत्रणा संध्याकाळी सातला, रविवारी, कुटुंब सांभाळणाऱ्या माणसासाठी कशी चालवायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेरच्या कंपन्यांनी भांडवल घातलं, जाहिराती केल्या, विद्यार्थी आणले आणि बदल्यात फीचा वाटा घेतला, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास. दरडोई दलाली देऊन विद्यार्थी गोळा करायला तिथे १९९२पासून कायद्याने बंदी आहे. २०११मध्ये शिक्षण खात्याने वाट करून दिली ती अशी, की भरतीबरोबर इतर सेवाही एकत्र देत असाल तर वाटा घेता येईल. त्या वाटेने हा धंदा फोफावला. त्यातली एक मोठी कंपनी, टूयू (2U), जुलै २०२४मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली.

म्हणून मी दोन प्रकारच्या सल्लागारांत फरक करते. एक ठरलेले पैसे घेऊन कॉलेजला शिकवतो: वेळापत्रक असं लावा, तासांचं ध्वनिचित्रमुद्रण ठेवा, रात्री नऊला फोन उचलणारं माणूस नेमा, घर सांभाळणाऱ्या बाईला परीक्षेची तारीख तीन महिने आधी कळवा. हे काम फार मोलाचं आहे आणि आपल्या कॉलेजांना त्याची खरोखर गरज आहे. दुसरा प्रत्येक विद्यार्थ्यामागे वाटा घेतो. त्याचं हित प्रवेश होण्यात असतं. तुम्ही तिसऱ्या वर्षापर्यंत टिकता का, याच्याशी त्याचा संबंध फीच्या हप्त्यापुरता. ताईंना आलेले एकोणीस फोन या दुसऱ्या व्यवहारातून आलेले होते.

आपल्याकडे नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या विनियमांनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीवर चालवता येत नाही, आणि जानेवारी २०२२मध्ये आयोगाने ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या 'एडटेक' कंपन्यांच्या संदर्भात तसा जाहीर इशाराही दिला. विद्यापीठाला आपल्या कार्यक्षेत्राबाहेर दूरस्थ शिक्षणाचं केंद्र उघडता येत नाही. उलट बाजूही ताईंना सांगितली, कारण ती कोणी सांगत नाही: मान्यता असलेल्या संस्थेतून दूरस्थ वा ऑनलाइन घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य आहे, असं आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये लेखी स्पष्ट केलंय. त्यामुळे 'घरी बसून केलेली डिग्री कोण विचारतं' या बोलण्याला अर्थ नाही. मान्यता आहे का ते आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या त्या वर्षापुरतं आणि त्या त्या अभ्यासक्रमापुरतं बघायचं. नुसतं विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून थांबायचं नाही.

हे सगळं बघायला मी पूर्वीपासून सांगते. पण दुसरी एक गोष्ट मी एका गृहस्थांच्या बाबतीत विचारली नव्हती आणि ती मला अजून लागून राहिली आहे. ते इस्पितळात वॉर्डबॉय होते. मी मान्यता तपासली, ती होती, मी म्हटलं घ्या प्रवेश. तीन महिन्यांत त्यांची पाळी बदलली, तास बुडाले, त्यांनी सोडून दिलं. फी मात्र 'शून्य टक्के हप्त्या'वर होती. तो हप्ता म्हणजे एका वित्त कंपनीने त्यांच्या नावावर दिलेलं कर्ज होतं. शिक्षण थांबलं, कर्ज थांबलं नाही. ते दोन वर्षं फेडत राहिले. मला त्यांच्या पाळ्या विचारायला हव्या होत्या आणि कर्जाचा कागद मागायला हवा होता.

ताईंच्या कागदपत्रांतही तसाच हप्त्यांचा अर्ज होता. फी १,२८,०००, चोवीस हप्ते, दरमहा ५,३३३. हातात पगार ३१ हजार. अर्जावर कर्ज हा शब्द दुसऱ्या पानावर होता. मी त्यांना 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाचा खरा खर्च आणि अटी सांगणारा कागद, मागायला सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा डिजिटल कर्जात ते आधी द्यावंच लागतं, आणि ठरलेल्या मुदतीत दंड न भरता बाहेर पडायची सोयही ठेवावी लागते. तो कागद आला नाही. फोन मात्र त्यानंतर दोन दिवस बंद होते.

दुसऱ्या भेटीला ताईंचे यजमान सोबत आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मी हिला आधीच म्हटलं होतं, हा लुटायचा धंदा आहे. आता डोक्यातून काढून टाक म्हणावं."

ताई गप्प बसल्या. फसवणूक टळली की त्याबरोबर शिकायची इच्छाही मोडीत काढायची, हे मी पुष्कळ घरांत बघितलंय. मी त्यांना म्हटलं, "दादा, तो कागद वाईट होता. यांचं शिकणं वाईट नव्हतं."

तेव्हा ताईंनी मामांची गोष्ट काढली. मामा गोदीत कामाला होते आणि सकाळचं कॉलेज करून सिद्धार्थमधून बी.ए. झाले. बाबासाहेबांनी १९४६मध्ये ते कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना यावं म्हणून तास सकाळी ठेवले होते. "मामा सकाळी डबा घेऊन निघायचे, तास करून तसेच गोदीत. रात्री आमच्या खोलीत कंदील मोठा करू नका म्हणून आजी ओरडायची," ताई म्हणाल्या. यजमानांनी ही गोष्ट लग्नाला इतकी वर्षं होऊनही ऐकली नव्हती. ते काही बोलले नाहीत, पण पुढची चर्चा त्यांनी उठून न जाता ऐकली.

मग आम्ही ताईंचा दिवस मांडला. उठणं पावणेपाचला. भांडुपहून ८.१०च्या आसपासची धीमी लोकल, सीएसएमटीला उतरेपर्यंत पाऊण-एक तास. सकाळी बसायला मिळत नाही, संध्याकाळी सीएसएमटीहून चढल्यामुळे मिळतं. म्हणजे रोजचा एक तास बसून वाचायचा हक्काचा. रात्री मुलीची बारावी, स्वयंपाक. तिथे काही काढता येत नाही. रविवारचे तीन तास यजमानांनी स्वतःहून दिले. आठवड्याला आठ-नऊ तास. त्यात शनिवार-रविवार दिवसभर हॉलमध्ये बसायचा कार्यक्रम बसलाच नसता, माहितीपत्रक कितीही खरं असतं तरी.

ताईंसमोर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं, आणि मुंबई विद्यापीठाचं कालिन्याचं दूरस्थ शिक्षण केंद्र, ज्याला अजून सगळे जुन्या नावाने आयडॉलच म्हणतात. गुणपत्रिका मुंबई विद्यापीठाच्या, म्हणून त्या आधी कालिन्याला गेल्या. कुर्ल्याला उतरून रिक्षाने. प्लास्टिकच्या पिशवीत एफ.वाय. आणि एस.वाय.च्या गुणपत्रिका, घडीवर चिकटपट्टी लावलेल्या. खिडकीवरच्या बाईंनी त्या उजेडात धरून बघितल्या आणि पात्रतेसाठी अर्ज करायला सांगितलं. कोणी सीट लॉक केली नाही, कोणी आजच भरा म्हटलं नाही. दोनदा परत यावं लागलं, एकदा सर्व्हर बंद होता. घरी मुलीने मोबाइलवर डीईबी आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढून दिला. २०२४पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला तो लागतोच. फी त्यांनी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून भरली आणि पावतीवरचं नाव मला फोटो काढून पाठवलं.

त्या कॉलेजच्या बाबतीत एक सांगायला हवं. तिथे शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांशी मी बोलले. करार होताना शिक्षकांना कोणी विचारलंच नव्हतं, असं ते म्हणाले. रिकामे वर्ग आणि वाढता खर्च, प्राचार्यांची अडचण मला कळते. पण नोकरदारांसाठी वर्ग काढायचे तर शिकवणारे, परीक्षा आणि पैशाचं खातं, तिन्ही आपल्या हातात ठेवून काढता येतात. हे मी त्यांना पत्र लिहून कळवलंय. उत्तराची वाट बघतेय.

ताईंची परीक्षा आता जवळ आली आहे. पाच पेपर, सगळे कामाच्या दिवशी. दोन दिवसांची रजा मंजूर झाली, उरलेल्या तीन पेपरांना त्या अर्ध्या दिवसाची सवलत मागणार आहेत. तो अर्ज आम्ही गेल्या शनिवारी मिळून लिहिला. 'वैयक्तिक कारणास्तव' असं त्यांनी आधी लिहिलं होतं. मग स्वतःच खोडलं आणि 'बी.कॉम.च्या परीक्षेसाठी' असं लिहिलं.