वाचकांचे प्रश्न : लॉजची जागा विकली जातेय, बागेचं काय करायचं?

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या गावात एका लॉजच्या, म्हणजे बंधुसंघाच्या स्थानिक शाखेच्या, मागच्या मोकळ्या जागेत 9 वर्षं सामुदायिक बाग आहे. 4 बाय 8 फुटांचे, फूटभर उंच, लाकडी चौकटीचे 22 वाफे आहेत. सभासद कमी झाल्याने लॉज जागा विकतंय. 30 सप्टेंबरपर्यंत जागा सोडा, असं तोंडी कळवलंय. लेखी करार कधी झालाच नाही. जवळच्या चर्चने हिरवळीचा एक पट्टा देऊ केलाय. मुदत वाढवून मिळेल का? आणि माती, अ‍ॅस्परॅगस, रास्पबेरी, अळू, हळद हे सगळं न्यायचं कसं?

उत्तर : आधी मुदतीचं बघा, फावडं नंतर. लेखी करार नसेल तर तुमच्याकडे बहुधा फक्त जागा वापरायची परवानगी होती, आणि ती मालक मागे घेऊ शकतो. म्हणून हक्कावरून वाद घालू नका, तारीख मागा. विक्रीचा ठराव कुठवर आलाय ते लॉजच्या विश्वस्तांना विचारा. पुष्कळ संघांत सभासदांचं मतदान आणि वरिष्ठ मंडळाची मंजुरी दोन्ही लागतात. मग एका पानाचं पत्र द्या : 15 नोव्हेंबरपर्यंत मुदत हवी, विमा तोवर चालू ठेवू, जमीन सपाट आणि स्वच्छ करून परत देऊ. विक्रीच्या करारावर सह्या झाल्या असतील तर लॉजचा एकट्याचा होकार पुरत नाही, खरेदीदाराचीही लेखी संमती घ्या. त्याला बांधकाम करायचं असेल तर नियोजन मंडळाच्या मंजुरीत महिने जाऊ शकतात, तेव्हा तो नाही म्हणेलच असं नाही. सुनावणीची नोटीस मात्र 200 फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना जाते, तुम्हाला येणार नाही. ती आली की कळवा, असं शेजारच्या घरमालकांना सांगून ठेवा.

आता माती. आमचं स्पष्ट मत : नेऊ नका. तुमच्या एका वाफ्यात 32 घनफूट माती आहे, म्हणजे पाच गॅलनच्या 48 बादल्या. ओल्या मातीची बादली साधारण 50 पौंड भरते. साध्या पिकअपमध्ये एका खेपेला अर्धा घनयार्ड नेणंच बरं. 22 वाफ्यांची माती होते 26 घनयार्ड, म्हणजे 52 खेपा. त्याहून मोठा धोका उड्या मारणाऱ्या आशियाई गांडुळांचा (jumping worms). ती माती कॉफीच्या चोथ्यासारखी सुटी, दाणेदार करून बिघडवतात आणि त्यांचे बारीक कोष मातीत डोळ्यांना दिसत नाहीत. तपासायचं असेल तर गॅलनभर पाण्यात पाऊण वाटी मोहरीची पूड कालवून वाफ्यावर हळूहळू ओता, गांडुळं काही मिनिटांत वर येतात. सापासारखं वळवळणारं आणि गळपट्टा, म्हणजे अंगाभोवतीचा पट्टा, पांढरट, गुळगुळीत, शरीराला सपाट चिकटलेला असेल तर त्या बागेतलं एक ढेकूळही चर्चच्या जागेत नेऊ नका.

चौकटीचं लाकूड 2004 च्या आधीचं, प्रक्रिया केलेलं असेल तर त्यात आर्सेनिक असू शकतं. ते तिथेच सोडूही नका, जाळूही नका. काउंटीच्या कचरा केंद्रात द्या.

झाडांपैकी अ‍ॅस्परॅगसचा मोह सोडा. जुने गड्डे उपटले की मुळं तुटतात आणि पुन्हा जोर धरायला वर्षं लागतात. त्यापेक्षा वसंतात एक वर्षाचे नवे गड्डे आणा. रास्पबेरी पानं गळल्यावर काढावी : जोमदार फुटवे निवडा, मुळांची माती पूर्ण धुवा, काड्या सहा इंचांवर छाटा. पानांवर पिवळे ठिपके किंवा चट्टे असतील तर नेऊ नका, तो विषाणू असू शकतो. नोव्हेंबरपर्यंत मुदत मिळाली तर अळूची पानं थंडीने काळी पडू द्या आणि मग कंद काढा; हळदीचं तसंच, पानं पिवळी पडल्यावर. सप्टेंबरातच निघावं लागलं तर हळद कच्चीच असेल. तेव्हा ती मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट कुंडीत घालून घरात उन्हाच्या खिडकीशी ठेवा. गांडुळं सापडली असतील तर अर्थातच माती धुऊन, नव्या मिश्रणात लावा.

चर्चच्या पट्ट्यात उन्हाळ्यात किमान सहा तास ऊन येतं का आणि नळ किती लांब आहे, हे आधी बघा. मग रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती शिशासाठी तपासून घ्या. निवासी जमिनीतल्या शिशासाठी केंद्रीय पर्यावरण संस्थेने (EPA) 2024 मध्ये छाननीची पातळी 400 वरून 200 पीपीएमवर (दहा लाख भागांत 200 भाग) आणली. खणण्याआधी 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठे आहेत ते दाखवून घ्यायच्या क्रमांकाला, फोन करा, न्यू जर्सीत कामाचे पूर्ण 3 दिवस आधी. हिरवळ खणून काढायची गरज नाही : खुरटी कापा, चिकटपट्ट्या काढलेले पुठ्ठे सहा इंच एकमेकांवर चढवून अंथरा, भिजवा आणि वर वाफे रचा.

आणि या वेळी करार लेखीच करा. मुदत पाच वर्षांची ठेवा. जागा सोडायची नोटीस फक्त 1 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारीच्या दरम्यानच देता येईल, असं कलम घाला. म्हणजे पेरणी झाल्यावर कुणी उठवणार नाही. जागा विकली तरी चालू हंगाम पुरा करू द्यावा, हेही लिहून घ्या, आणि कराराची नोंद काउंटी कार्यालयात करा.

प्रश्न : बागेच्या पैशांतून बांधलेली शेड आमची की लॉजची? (त्याच वाचकांकडून)

उत्तर : काँक्रीटच्या पायावर पक्की बसवलेली असेल तर ती जमिनीबरोबर जाते असं धरलं जाऊ शकतं. ठोकळ्यांवर नुसती टेकवलेली असेल तर सहसा तुमची. वरच्या पत्रातच शेड, कुंपण, पाण्याच्या टाक्या यांची यादी जोडा आणि विश्वस्तांची सही घ्या.