‘हे म्हणतात, मी इरॅशनल आहे’

“मॅडम, एवढंच सांगा, मी इरॅशनल आहे का?” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताईंनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

घर पुण्यात सिंहगड रोडला, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर. जुलै 2024 मध्ये घरात पाणी शिरलं, तेव्हापासून पाऊस लागला की रात्री तीन-तीनदा उठून खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलंय ते मोबाइलवर बघायच्या. 1961 चा पानशेतचा पूर पाहिलेल्या सासूबाई यावर चकार शब्द काढत नसत. इंजिनिअर नवऱ्याचं मात्र एकच पालुपद, “तू इरॅशनल वागतेस.”

घराघरांतल्या भांडणात या शब्दाचा अर्थ बहुतेकदा “मला पटत नाही” एवढाच असतो. आमच्याकडे, समुपदेशनात, तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतून आला. मराठीत ‘अविवेकी’. ऐकायला अग्रलेखातल्यासारखा वाटतो, पण चालवून घेते. तिथे तो माणसाला लावायचा नसतो, त्याच्या विचाराला लावायचा असतो. विचार वस्तुस्थितीला धरून आहे का, तर्काला टिकतो का, आणि त्यानं आपलं काही भलं होतंय का, एवढं बघायचं.

पाणी तर खरंच आलं होतं. मग भीती अविवेकी कशी? जूनमध्येच कागदपत्रं माळ्यावर टाकणं हा तर शहाणपणा. पण ताई फेब्रुवारीत, पात्र कोरडं असताना, साताऱ्याला भाच्याच्या मुंजीलासुद्धा गेल्या नव्हत्या. “मी नसताना पाणी आलं तर?”

मनात जे येतं ते कागदावर लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, ‘पाणी येणार असेल तर मला आधी कळलंच पाहिजे, नाहीतर सगळं माझ्यामुळे बुडेल.’

“यातला ‘च’ खोडा.”

पेन बराच वेळ हवेत राहिलं. मग ‘च’ खोडला, वाचून बघितलं, आणि मी काही म्हणायच्या आत ‘पाहिजे’ही खोडून वर लिहिलं, ‘तर बरं’. ‘हवं’चं ‘हवंच’ झालं की त्रास सुरू होतो, हे एलिसना इंग्रजीत पानंच्या पानं समजावावं लागलं, ते आपल्याकडे एका अक्षरात सापडतं. उरलेलं अर्धं वाक्य, ‘माझ्यामुळे’, त्याला मात्र पुढची पाच सेशन्स गेली.

विसर्ग झोपताना एकदाच बघायचा, असं ठरलं. पुढच्या जुलैत मेसेज आला: “काल रात्री पाऊस होता. एकदा बघितलं, झोपले. दोनला जाग आली तर हे मोबाइल घेऊन बसलेले.”