लॉर्ड कर्झनला मुलगा नव्हता, मग त्याच्या घराण्यात आजही व्हायकाउंट स्कार्सडेल कसे?

बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस या इंग्लंडमधल्या चढत्या क्रमाच्या सरदारकीच्या पदव्या. तिथे पदवी घराण्याला एकगठ्ठा मिळत नाही. पदवीची सनद निघते आणि त्या पदवीचा पुढे वारस कोण, हे सनदेतच लिहिलेले असते. त्यामुळे मुलगा नाही म्हणून सगळ्याच पदव्या गेल्या, असे होत नाही.

कर्झन व्हाइसरॉय झाला तेव्हा, १८९८ साली, त्याला बॅरन केले ते आयर्लंडचे. त्यामागे हिशेब होता: ब्रिटनच्या सरदाराला हाउस ऑफ कॉमन्सचे, म्हणजे संसदेच्या निवडून दिलेल्या सभागृहाचे, दार बंद, पण आयरिश सरदाराला ब्रिटनमधल्या मतदारसंघातून निवडून येता येई. ही बॅरनी, १९११ची ‘अर्ल कर्झन ऑफ केडल्स्टन’, १९२१ची मार्क्वेस आणि तिच्याबरोबरची ‘अर्ल ऑफ केडल्स्टन’ या चारही फक्त औरस पुरुष वंशजांसाठी होत्या. कर्झनला तीन मुलीच. २० मार्च १९२५ ला तो वारला आणि चारही लुप्त झाल्या. (दोन अर्ल पदव्यांची नावे सारखी वाटतात, म्हणून वंशावळीत बरेचदा त्यांची एकच केलेली दिसते.)

१९११च्या उरलेल्या दोन पदव्यांची वारसाची कलमे मात्र फार विचारपूर्वक लिहिली होती. व्हायकाउंट स्कार्सडेल ही पदवी कर्झनला मुलगा नसल्यास त्याच्या वडिलांच्या पुरुष वंशजांकडे जायची होती. ती पुतण्या रिचर्डकडे गेली. १७६१ची जुनी स्कार्सडेल बॅरनीही त्याच्याकडेच आली. बॅरन रेव्हन्सडेल ही पदवी मुलींसाठी राखलेली होती. ती थोरल्या आयरीनला मिळाली आणि १९६६ साली तिच्यानंतर बहीण सिंथियाचा मुलगा निकोलस मोझली याला.

दत्तक घेऊन हे टाळता आले नसते. आपल्याकडच्या गादीची सवय असल्याने हा प्रश्न साहजिकच मनात येतो, पण तिथे दत्तकाला पदवी मिळत नाही आणि मृत्युपत्रानेही ती कोणाला देता येत नाही.

शोध घेताना ‘लुप्त’ आणि ‘सुप्त’ यांची गल्लत करू नका. वारसच उरला नाही तर पदवी लुप्त. वारस असण्याची शक्यता आहे, पण कोणाचा दावा सिद्ध झालेला नाही, तर सुप्त. म्हणून आधी सनदेतले वारसाचे कलम वाचावे, मगच वंशावळ उघडावी.

‘व्हायकाउंट कर्झन’ हे नाव आजही कानावर पडेल. ते अर्ल हाऊ यांच्या शाखेचे, थोरल्या मुलाला लावायचे नाव आहे. ती शाखा पहिल्या लॉर्ड स्कार्सडेलच्या भावापासून निघाली. व्हाइसरॉयच्या लुप्त पदव्यांशी तिचा संबंध नाही.