वाचकांचे प्रश्न : शेजाऱ्याच्या धर्माविषयी बोलताना

प्रश्न : आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात मला इस्लामवर पंधरा मिनिटं बोलायचंय. मागच्या खेपेला एकाने "मुसलमान येशूला मानत नाहीत, त्यांचा देवच वेगळा" असं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या वर्गात मुसलमान मैत्रिणी आहेत, मला ते खटकलं. नेमकं काय बोलू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खटकलं ते बरोबरच. मुसलमान येशूला ईसा म्हणतात आणि नाव घेताना 'अलैहिस्सलाम' जोडतात. कुमारी मरियमच्या पोटी त्यांचा जन्म झाला, हे कुराणात आहे. कुराणातल्या १९व्या सूऱ्याचं, म्हणजे अध्यायाचं, नावच 'मरियम'. मात्र ईसा पैगंबर, देवाचा पुत्र नव्हे, आणि वधस्तंभावरचा मृत्यू कुराण ४:१५७ मध्ये नाकारलेला आहे. दोन्ही बाजू सांगा. नुसतं साम्य सांगून "शेवटी सगळं एकच" म्हणालात तर तीही शेजाऱ्याविषयी खोटी साक्षच झाली, आणि ती बायबलमध्ये, निर्गम २०:१६ मध्ये, मना आहे.

"त्यांचा देव वेगळा" याला एकच उदाहरण पुरे. अरबी बायबलच्या पहिल्याच ओळीत, उत्पत्ती १:१ मध्ये, देवासाठी 'अल्लाह' हाच शब्द आहे. अरब ख्रिस्ती याच नावाने प्रार्थना करतात. देवाविषयीची शिकवण वेगळी आहे, तिथे फरक जरूर दाखवा. शब्दावरून भांडू नका.

जुन्या पुस्तकांतला 'महंमदी' हा शब्द वापरू नका. त्यातून मुसलमान महंमदांची उपासना करतात असा अर्थ निघतो, आणि त्यांच्या श्रद्धेला याहून मोठा धक्का नाही. 'मुसलमान' किंवा 'मुस्लिम' म्हणा. 'ते लोक' तर नकोच.

मोहरमचा विषय निघेलच, कारण कोल्हापुरात पंजे (मोहरमची हाताच्या आकाराची प्रतीकं) हिंदू घरांतूनही बसतात. पण दहावा दिवस इ.स. ६८० मध्ये करबलात मारल्या गेलेल्या हुसेन या महंमदांच्या नातवाच्या आठवणीचा. त्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत. ईदला आवर्जून द्याव्यात.

उलट प्रश्नही येईल : "तुम्ही तीन देव मानता ना, त्यात मरियमही?" चिडू नका. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, देव एकच, मरिया त्यात नाही, एवढं शांतपणे सांगा. तुमच्याविषयी चुकीचं बोललं की कसं लागतं, ते संघातल्या मुलांना इथेच कळेल.

भाषण लिहून झालं की वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या. "आम्ही असं मानत नाही" असं ती ज्या ओळीला म्हणेल, ती ओळ तिच्यासमोरच दुरुस्त करा.