वाचक विचारतात: अमेरिकेत नक्की कोणाचं चालतं?

अमेरिकेच्या कारभारावर प्रश्न पाठवा म्हटलं आणि पेटी भरली की. सगळे घेता येणार नाहीत, त्यातले पाच घेतोय. काही उत्तरं लांबलीत, चालवून घ्या.

प्रश्न (पुणे): मुलगा न्यू जर्सीत असतो त्यामुळे तिकडच्या बातम्या बघते. रोज उठून राष्ट्राध्यक्ष कुठल्या ना कुठल्या ऑर्डरवर सही करतात. एका सहीत सगळं बदलतं तर मग तिथली संसद करते काय?

सही कॅमेऱ्यासमोर होते म्हणून ती मोठी दिसते. एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे आपला वटहुकूम नव्हे, हे आधी बाजूला काढू. आपल्याकडे संसद बसलेली नसताना कलम १२३ खाली निघालेल्या वटहुकुमाला कायद्याइतकंच वजन असतं, तिथे राष्ट्राध्यक्षाला तो अधिकारच दिलेला नाही. ऑर्डर म्हणजे आपल्याच हाताखालच्या खात्यांना दिलेला हुकूम, आणि त्याला पाठबळ लागतं, एकतर घटनेचं नाहीतर काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने, हाउस आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं) आधी केलेल्या कायद्याचं. आता काँग्रेसनेच वर्षानुवर्षं इतके सैल कायदे करून ठेवलेत की हुशार वकिलाला पाठबळ कुठे ना कुठे सापडतंच, ही गोष्ट वेगळी.

आणि सापडलं नाही तर काय होतं ते १९५२ मध्ये दिसलं. कोरियात युद्ध चालू, पोलाद कामगारांचा संप दुसऱ्या दिवशी सुरू होणार, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ८ एप्रिलला ऑर्डर काढून गिरण्याच सरकारच्या ताब्यात घेतल्या. युद्धाला पोलाद लागतं, संप परवडणार नाही, एवढंच कारण, कायदा कुठला दाखवता येईना. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असं सांगून टाकलं की कायदा करायचं काम काँग्रेसचं आहे, तुमचं नाही. लक्षात घ्या, नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले होते, आणि ट्रुमन यांनी स्वतः नेमलेल्या चौघांपैकी दोघं त्यांच्याच विरोधात गेले! ट्रुमन चिडले पण गिरण्या परत दिल्या, संप झाला आणि ५३ दिवस चालला. अलीकडचं पाहिजे असेल तर बायडन यांची विद्यार्थ्यांची कर्जं माफ करायची सुमारे ४०० अब्ज डॉलरची योजना, २००३ च्या कायद्याचा आधार दाखवला होता, २०२३ मध्ये कोर्टाने तो आधार पुरत नाही म्हणून योजना उडवली. तिथेही ६ विरुद्ध ३.

प्रश्न (नाशिक): स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. नोट्समध्ये लिहिलंय की अमेरिकेत तिन्ही शाखा (संसद, सरकार, न्यायालय) एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या आहेत. मग उपराष्ट्राध्यक्ष सिनेटचे सभापती कसे?

नोट्स बदला. वेगळी आहेत ती माणसं, कामं नाहीत. एकच माणूस दोन शाखांत बसू शकत नाही, हा नियम मात्र कडक आहे. आपल्याकडे मंत्री व्हायचं तर सहा महिन्यांत सभागृहाचं सदस्य व्हावंच लागतं, तिकडे बरोब्बर उलटं, मंत्री झालात की सभागृह सोडा. हिलरी क्लिंटन २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांनी सिनेट सोडली, मार्को रुबिओंनी २०२५ मध्ये तेच केलं. उपराष्ट्राध्यक्ष हा एकच अपवाद आणि तोही नावापुरता, समसमान मतं पडली तरच त्यांना मत देता येतं.

कामं मात्र मुद्दाम एकमेकांत अडकवलेली आहेत. हाउसिंग सोसायटीच्या चेकवर सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्या सह्या लागतात ना, तसं आहे. कायदा काँग्रेस करते पण सही राष्ट्राध्यक्षाची, त्यांनी व्हेटो मारला (म्हणजे सही नाकारली) तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवा. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतात पण सिनेटने हो म्हटलं तरच, १९८७ मध्ये रेगन यांनी सुप्रीम कोर्टासाठी सुचवलेले बोर्क ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडले होते. परीक्षेत हे लिहा.

प्रश्न (मुंबई): लॉ कॉलेजला आहे. एका भारतीय वंशाच्या माणसाच्या केसमुळे अमेरिकेच्या काँग्रेसचे हात बांधले गेले असं सरांनी ओघात सांगितलं आणि पुढे गेले. ती केस कोणती?

चढ्ढा केस! सर पुढे गेले म्हणजे कमालच, कारण या सगळ्या विषयात मला सगळ्यात आवडणारी केस हीच.

जगदीश राय चढ्ढा हा केनियात जन्मलेला, भारतीय वंशाचा, ब्रिटिश पासपोर्टवाला मुलगा १९६६ मध्ये स्टुडंट व्हिसावर अमेरिकेत आला आणि ओहायोत शिकला. १९७२ मध्ये व्हिसा संपला. परत जायचं तर कुठे, केनिया स्वतंत्र झालेला, ब्रिटनचीही दारं आफ्रिकेतल्या आशियाई लोकांना जवळजवळ बंद. इमिग्रेशनच्या न्यायाधीशाने १९७४ मध्ये सगळं ऐकून घेतलं आणि हद्दपारी थांबवली. झालं, सुटला म्हणायचं. पण कायद्यात एक पाचर मारलेली होती, हाउस किंवा सिनेट या दोघांपैकी कुठल्याही एका सभागृहाला नुसता ठराव करून असा निर्णय रद्द करता यायचा. तर डिसेंबर १९७५ मध्ये ३४० लोकांच्या यादीतून सहा नावं काढली गेली, त्यात चढ्ढा, आणि हाउसने चर्चा नाही, मतांची मोजणी नाही, असा ठराव करून टाकला. ठरावाची छापील प्रतसुद्धा सदस्यांच्या हातात नव्हती. का काढली ही सहाच नावं? धड कोणी सांगितलंच नाही.

चढ्ढा कोर्टात गेला आणि तिथे मजा अशी झाली की जे खातं त्याला बाहेर काढणार तेच म्हणायला लागलं की हो, याचं बरोबर आहे, हे कलम घटनेत बसत नाही. मग बाजू मांडायला हाउस आणि सिनेटला आपापले वकील उभे करावे लागले. सुप्रीम कोर्टाने दोनदा युक्तिवाद ऐकला आणि जून १९८३ मध्ये ७ विरुद्ध २ ने निकाल दिला: कायद्याइतका परिणाम करायचा असेल तर कायद्याचाच रस्ता, दोन्ही सभागृहं आणि मग राष्ट्राध्यक्षाची सही, मधला शॉर्टकट बंद. विरोधी निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती व्हाइट यांनी बजावलं होतं की एका फटक्यात जवळजवळ दोनशे कायद्यांतली अशी कलमं उडतायत.

चढ्ढाच्या बाजूने निकाल बरोबरच होता, एका माणसाचं आयुष्य आवाजी ठरावावर फिरवणं हे काही संसदेचं काम नाही. पण व्हाइट यांचं म्हणणं मला जास्त पटतं, कारण पुढे काय झालं बघा. १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा अशाच सोयीवर उभा होता, राष्ट्राध्यक्षाने आणीबाणी लावली तर काँग्रेस त्यांच्या सहीशिवाय ती उठवू शकत होती. चढ्ढा निकालानंतर १९८५ मध्ये तो कायदा बदलावा लागला, ठरावाला सही आवश्यक झाली, म्हणजे आणीबाणी लावणाऱ्यालाच विचारायचं की उठवू का! २०१९ मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या भिंतीच्या पैशासाठी आणीबाणी लावली, सिनेटने ५९ विरुद्ध ४१ मतांनी ती उठवायचा ठराव केला, त्यात १२ रिपब्लिकन होते, हाउसनेही केला, आणि ट्रम्प यांनी व्हेटो मारला, त्यांचा पहिलाच. तो फिरवायला हाउसमध्ये २४८ मतं पडली, विरोधात १८१, पण दोन तृतीयांश काही जमलं नाही. दोन्ही सभागृहांत बहुमत विरोधात असून आणीबाणी चालूच.

प्रश्न (कोल्हापूर): महाभियोगाचा एवढा गाजावाजा होतो पण आजवर एकही राष्ट्राध्यक्ष त्याने गेलेला नाही. मग उपयोग काय?

खरंय, एकही नाही. महाभियोग झाला तो एवढ्यांवर: अँड्र्यू जॉन्सन १८६८, क्लिंटन १९९८, ट्रम्प २०१९ आणि २०२१. हाउस आरोप ठेवतं, सिनेट खटला चालवते आणि काढायला तिथेही दोन तृतीयांश लागतात. जॉन्सन एका मताने वाचले, ३५ विरुद्ध १९.

१७८७ मध्ये घटना लिहिणाऱ्यांचा हिशोब होता की सिनेटर आपल्या सभागृहाचा मान जपेल, राष्ट्राध्यक्ष आपल्या खुर्चीचा, आणि या ओढाताणीत कोणी डोईजड होणार नाही. पक्ष हा प्रकार त्यांनी धरलाच नव्हता. आज सिनेटर आधी पक्षाचा, मग सिनेटचा. निक्सन यांचं बघा, २४ जुलै १९७४ ला कोर्टाने ८ विरुद्ध शून्य असा निकाल दिला की वॉटरगेटच्या तपासाला व्हाइट हाउसमधल्या बोलण्याच्या टेप्स द्या, निकाल लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर निक्सन यांनीच नेमलेले. पण निक्सन गेले ते नुसत्या निकालाने नाही, त्यांच्याच पक्षाचे पुढारी व्हाइट हाउसमध्ये येऊन सांगून गेले की सिनेटमध्ये तुम्हाला वाचवण्याएवढी मतं नाहीत, आणि ९ ऑगस्टला राजीनामा लागू. २०२१ मध्ये सात रिपब्लिकन सिनेटर ट्रम्प यांच्या विरोधात गेले, ५७ विरुद्ध ४३, लागत होती ६७. तेव्हा उपयोग आहे, पण स्वतःच्या पक्षाने हात काढून घेतला तरच.

प्रश्न (ठाणे): २०२५ च्या शटडाउनमध्ये (पैशाअभावी सरकारी ऑफिसं बंद होती तेव्हा) मुलीच्या एच-१बीचं (नोकरीच्या व्हिसाचं) काम अडकलं. व्हिसाची ऑफिसं तर चालू होती म्हणतात, मग अडकलं कुठे?

लेबर खात्यात. इमिग्रेशनच्या अर्जांचं ऑफिस मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालतं म्हणून ते उघडं राहतं, पण एच-१बीच्या अर्जाआधी जो एलसीए (कंपनीने भरायचा पगार-अटींचा मंजूर अर्ज) लागतो तो देणारं लेबर खातं काँग्रेसच्या पैशावर. काँग्रेसने कायदा करून मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून दमडी काढायची नाही हे घटनेतच आहे, वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तोवर मंजुरी नाही तर खातं बंद. आपल्याकडे लोकसभेत पैशाचं बिल पडलं तर सरकारच जातं, तिथे सरकार तसंच बसून राहतं आणि कर्मचारी बिनपगारी घरी. १९८० च्या आधी असंही नव्हतं बरं का, मंजुरी लांबली तरी ऑफिसं रेटून चालायची, त्या साली ॲटर्नी जनरलनी मत दिलं की हे बेकायदा आहे आणि तिथून ऑफिसांना टाळं लागायला सुरुवात झाली. २०२५ चं टाळं ४३ दिवस होतं, आधीचा विक्रम ३५ चा.

मुलीला एवढंच सांगा की एलसीए नोकरी सुरू व्हायच्या सहा महिने आधीपर्यंत भरता येतो आणि एरवी सात कामाचे दिवस लागतात, तेव्हा पुढच्या वेळी कंपनीच्या वकिलाला सप्टेंबर उजाडायच्या आधीच मागे लागून तो भरायला लावा.