मित्रांबरोबर ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे जर्मनीत म्युनिकला भरणाऱ्या बिअरच्या जत्रेला, वीकेंड घालवायचाय, टेबलाचं बुकिंग नाही. खरंच धमाल येते, की नुसती गर्दी?

धमाल येते, आणि बुकिंगशिवायही येते. फक्त सकाळी लवकर उठायची तयारी हवी. तुम्ही लिहिलंय की सहा मित्र आहात, सप्टेंबरअखेरचा शनिवार-रविवार हाताशी आहे आणि ‘संध्याकाळी सातला पोहोचून रात्रभर दंगा’ असा बेत आहे. या बेतातलं ‘सात’ही काढा आणि ‘रात्रभर’ही काढा. शनिवारी संध्याकाळी सातला गेलात तर बिअरच्या तंबूच्या दारावर ‘गर्दीमुळे बंद’ अशी पाटी बघून परत फिराल. आणि रात्रभर तिथे काही चालतच नाही. साडेदहाला बिअर ओतणं बंद, बँडही बंद. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत बारा वाजले की पोलिसांना येऊन स्पीकर बंद करावे लागतात. इथे बँडवाले घड्याळ बघून आपणहून वाद्यं पेटीत ठेवतात. सहा हजार माणसं बाकांवर उभी राहून बोंबलत असतात, आणि अर्ध्या तासात सगळी निमूट बाहेर. एकूण प्रकरणच असं आहे, दंगा करायचा पण वेळापत्रकाप्रमाणे. हे एकदा डोक्यात बसलं की वीकेंड मस्त जातो.

मी मूळ पुण्याचा, नोकरीसाठी स्टुटगार्टला असतो. २०२४ मध्ये कॉलेजची टोळी आली होती: एक नाशिककर, एक कोल्हापूरकर, एक ठाणेकर, आणि नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेला एक सोलापूरकर. नाशिककर शाकाहारी, ठाणेकर दारूला शिवत नाही, बाकीचे विचारू नका. आमच्याकडेही बुकिंग नव्हतं.

बुकिंगचं गणित आधी सांगतो. टेबल सहसा दहा जणांचं मिळतं. त्याचं वेगळं भाडं नसतं, पण माणशी साधारण दोन मग बिअर आणि अर्धी कोंबडी एवढ्याची कुपनं आगाऊ घ्यावी लागतात. शनिवारची टेबलं कित्येक महिने आधीच जातात. मात्र प्रत्येक मोठ्या तंबूला काही भाग बिनबुकिंगचा ठेवावाच लागतो, तसा नगरपालिकेचा नियम आहे, आणि शनिवार-रविवारी दिवसा हा भाग मोठा असतो. शनिवारी तंबू नऊला उघडतात. पहिला शनिवार तेवढा वेगळा. त्या दिवशी दुपारी बारा वाजता शॉटनहामेलच्या तंबूत म्युनिकचा महापौर लाकडी हातोडीने पिंपाला तोटी ठोकतो आणि मगच सगळीकडे बिअर सुरू होते. ही प्रथा १९५० पासूनची. तो सोहळा टीव्हीवर बघा, प्रत्यक्ष जाऊन तीन तास कोरड्या घशाने बसण्यात अर्थ नाही.

दलालांकडून किंवा ऑनलाइन चढ्या भावाने ‘टेबलातली सीट’ घेऊ नका. दारावर अडवलं तर पैसे गेलेच समजा. मैदानात शिरायला तिकीट नसतं, हेही लक्षात ठेवा. कोणी ‘एंट्री पास’ विकत असेल तर तो तुम्हाला टोपी घालतोय.

तर आम्ही साडेआठलाच दारापाशी. पाठीवरची सॅक घेऊन जाऊ नका, मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. दार उघडलं आणि लोक अक्षरशः पळत सुटले. आमचा सोलापूरकर, जो एरवी बसमागेही धावत नाही, तो धावला आणि बिनबुकिंगच्या भागात एक टेबल धरून बसला. टेबल पूर्ण तुमचं नसतं. अर्ध्या तासात शेजारी चार म्हातारे बव्हेरियन येऊन बसले. चामड्याच्या चड्ड्या इतक्या जुन्या की गुडघ्यापाशी काळ्या चकचकीत झालेल्या. त्यांनी आमच्या नव्याकोऱ्या चेक्सच्या शर्टांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता आपला मग पुढे केला. इथे मगावर मग आपटायची पद्धत आहे: काठ काठाला लावायचा नाही, मगाचा बुडाकडचा जाड भाग लावायचा, आणि समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. काठ लावलात तर काच तडकते आणि म्हातारे वैतागतात. नाशिककराला एकाने मनगट धरून शिकवलं.

बिअरबद्दल. या मैदानावर फक्त म्युनिकच्या सहा ब्रुअरींची बिअर मिळते: आउगुस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, ल्योवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन. एक मग म्हणजे पूर्ण एक लिटर. २०२४ मध्ये तंबूप्रमाणे १३.६० ते १५.३० युरो पडायचा, दरवर्षी वाढतो. कोल्हापूरकर पहिले दोन मग दर घोटाला रुपयांत गुणाकार करत होता. तिसऱ्या मगाला गणित सुटलं. पाणीही लिटरला दहा युरोच्या आसपास, त्यामुळे ‘स्वस्त पडतं म्हणून पाणी’ हा विचार सोडा, पण पाणी प्या. कारण ही बिअर लागते. सोलापूरकर म्हणाला, ‘सहा टक्के? आपली स्ट्राँग याच्यापेक्षा कडक असते.’ बरोबर आहे, पण आपली बाटली साडेसहाशे मिलीची आणि आपण ती तासभर पुरवतो. सहा टक्क्यांची एक लिटर बिअर म्हणजे दोन लार्ज पेगांपेक्षा थोडी जास्तच दारू. चवीला गोडसर, गार, घशाखाली सरसर उतरते. दोन मग म्हणजे जवळपास पाच लार्ज. सकाळी दहाला सुरू केलंत तर दुपारी दोनला कुठे असाल याचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून खा. अर्धी भाजलेली कोंबडी बाहेरून कुरकुरीत, मिठाची, आणि तिथे ती हातानेच खातात, लाजू नका. काडीला टोचून कोळशावर भाजलेला मासा तंबूबाहेर मिळतो, आमच्यातल्या मासेखाऊंना कोंबडीपेक्षा तोच आवडला. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही: चीज घातलेले श्पेट्झले (छोट्या जाडसर शेवया), हातभर मोठा ब्रेझन (गाठ मारलेला खारा पाव) आणि त्याबरोबर ओबात्सदा नावाचं चीज-लोणी-पेपरिकाचं कालवण, चक्रीसारखा कापलेला पांढरा मुळा. नाशिककर दिवसभर ओबात्सदावर होता. एका तंबूत अख्खे बैल भाजतात आणि आज कापलेल्या बैलाचं नाव पाटीवर लिहितात; नाशिककराने ती पाटी वाचली आणि त्या दिशेला पुन्हा गेला नाही.

वाढणाऱ्या बायकांकडे जरूर बघा. काचेचा रिकामा मगच सव्वा किलोच्या पुढे जातो, भरला की दोन किलोंहून जास्त. आमची वाढपीण पन्नाशीची असेल. दोन्ही हातांत मिळून दहा मग छातीशी धरून ती गर्दीतून वाट काढत यायची, खांद्याने लोकांना ढकलत, आणि टेबलावर आपटताना एक थेंब सांडत नसे. या लोकांची कमाई मुख्यतः विक्रीच्या टक्केवारीवर आणि टिपेवर असते. पहिल्याच राउंडला नीट टिप दिलीत तर पुढचा मग हाक न मारता येतो. आम्ही दिली, आणि दुपारी तिने आमच्या टेबलाशी बसू पाहणाऱ्या आगंतुकांना स्वतः पिटाळलं.

दिवसा तंबूत फक्त पारंपरिक बँड वाजतो आणि तोही बेताच्या आवाजात. २००५ पासून नियमच आहे: संध्याकाळी सहापर्यंत ८५ डेसिबलच्या वर जायचं नाही, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पोराबाळांनाही बसता यावं. माझ्या मते जत्रेचा सगळ्यात चांगला वेळ हाच. गप्पा ऐकू येतात. दर थोड्या वेळाने बँड ती एक ठरलेली धून वाजवतो, सगळा तंबू उठतो, ‘ओआन्स, त्सोआ, द्राय, ग्सुफा’ (एक, दोन, तीन, प्या) ओरडतो, घोट घेतो आणि खाली बसतो. दिवसभरात हे इतक्यांदा होतं की ठाणेकर सरबताच्या मगानिशी झोपेतही उठेल असा झाला होता. हो, न पिणाऱ्याची अडचण होत नाही. सरबत, लिंबूपाणी, बिनदारूची बिअर सगळं त्याच लिटरच्या मगात येतं, कोणी ढुंकूनही विचारत नाही.

सहा वाजले आणि बँडने जॅकेटं काढली. गिटार आली, पॉप गाणी सुरू झाली, आणि अख्खा तंबू बाकांवर चढला. आमच्या मागच्या टेबलावर वीस-पंचवीस इटालियन पोरं. मधल्या वीकेंडला तिथे इटलीहून लोंढेच्या लोंढे येतात. त्यांना आमची गाणी येत नव्हती, आम्हाला त्यांची येत नव्हती, घसे मात्र सगळ्यांचे बसले.

इथे नियम नीट ऐका: बाकावर उभं राहायची परवानगी आहे, टेबलावर नाही. कोल्हापूरकराला हा फरक सहा-साडेसहापर्यंत कळत होता. सातच्या सुमारास तो टेबलावर चढला. दोन सुरक्षारक्षक आले, एकाने त्याच्या पोटरीला बोटाने टकटक केलं, दुसऱ्याने दाराकडे हात दाखवला. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही, वाद तर नाहीच. तंबूबाहेर काढलं की पुन्हा आत नाही. सोबतीला ठाणेकर गेला, कारण शुद्धीवर तोच होता.

आणि खरी मजा त्या दोघांनी केली. बाहेर अख्खी जत्रा आहे, जी तंबूत चिकटून बसणाऱ्यांना दिसतच नाही. ते गेले टॉयफेल्सराडला, म्हणजे सैतानाच्या चाकावर. १९१० पासून या मैदानावर असलेला हा खेळ. जमिनीवर एक मोठी गुळगुळीत लाकडी तबकडी, त्यावर माणसं बसतात, ती गरगर फिरायला लागते आणि एकेक जण घसरत कडेला जातो. जे टिकतात त्यांना आधी दोर टाकून ओढतात, मग वरून टांगलेला मोठा चेंडू फेकून पाडतात. सूत्रधार माइकवर प्रत्येकाची टिंगल करत असतो. तालमीतला आमचा गडी बरोबर मधोमध मांडी घालून बसला. घसरणारे त्याचे पाय धरून बघत होते. शेवटी चेंडूची दुसरी फेरी थेट छातीवर आली तेव्हा सुटला. ठाणेकराने व्हिडिओ काढलाय, लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त वेळा बघितला गेलाय.

साडेदहानंतर दोन गोष्टी सांभाळा. एक, बिअरचा मग खिशात घालून आणू नका. दारावर काढून घेतात आणि ती सरळ चोरी धरतात. आठवण हवी तर विकत मिळतो. दुसरी, दारू पिऊन भाड्याची ई-स्कूटर चालवू नका. तिला मोटारीचेच मद्याचे नियम लागतात, पोलिस मैदानाभोवती उभेच असतात, आणि लायसन्सवर गदा येते. थेरेझिनवीझचं (मैदानाचं हेच नाव) भुयारी स्टेशन गर्दीत कधीकधी बंद ठेवतात. मुख्य स्टेशनापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, वाराही लागतो. म्युनिकमध्ये त्या दिवसांत हॉटेलचे दर ऐकून चक्कर येते. आम्ही आउग्सबुर्गला राहिलो, रेल्वेने पाऊण तासाच्या आत. शेवटची गाडी आधी बघून ठेवा.

रविवारसाठी माझा सल्ला: म्युनिकात पुन्हा जाऊ नका. स्टुटगार्टला या. सप्टेंबरच्या शेवटी नेकार नदीकाठी कानश्टाटर फोल्क्सफेस्टही सुरू झालेलं असतं, आणि ते मला जास्त आवडतं. (स्टुटगार्टकर आहे, धरून चाला.) त्याची गोष्टही वजनदार आहे. ऑक्टोबरफेस्ट सुरू झालं १८१० मध्ये युवराज लुडविग आणि थेरेझे यांच्या लग्नाच्या घोड्यांच्या शर्यतीतून. मैदानाला नावही तिचंच. कानश्टाटचं फेस्ट आलं दुष्काळातून. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली. त्यातून सावरताना व्युर्टेम्बर्गचा राजा विल्हेल्म पहिला याने १८१८ मध्ये शेतकऱ्यांसाठी ही जत्रा भरवली. मैदानाच्या मधोमध आजही फळं-भाज्या-धान्यांनी सजवलेला उंच खांब उभा करतात.

तिथे रविवारी दुपारी घरची माणसं जास्त, पोरं पाळण्यात, आजोबा कोंबडी सोलत. मराठीही कानावर पडतं; शहरात पुण्याकडची पुष्कळ इंजिनियर मंडळी आहेत, आणि मुंबई-स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं. आमची टोळी घसा बसलेली, कुजबुजत बोलणारी, खांबाखाली माउलटाशन (सारण भरलेले मैद्याचे चौकोन) खात बसली. शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी ‘काल म्युनिकला होतात ना?’ म्हणून ओळखलं. पुढचा प्रश्न होता, ‘साबुदाण्याचे वडे आहेत डब्यात, चालतील?’

चाललेच. सहा जण असाल तर सोमवारची रजा आत्ताच टाकून ठेवा.